पदवीचा बोर्डभाव

रावेर-यावल तालुक्यांतल्या केळी उत्पादकाच्या बोलण्यात दोन भाव असतात. एक बोर्डभाव, म्हणजे रोज जाहीर होणारा. दुसरा कापणीच्या दिवशी बागेत व्यापारी प्रत्यक्ष देतो तो. दोहोंत अंतर पडते, कधी थोडे, कधी फार, आणि त्या अंतराविरुद्ध या भागातले शेतकरी वर्षानुवर्षे तक्रारी करत आले आहेत. मालाची प्रत, वाहतूक, आवक अशी कारणे दर वेळी सांगितली जातात. पण शेतकऱ्याला एवढे पक्के ठाऊक असते की जाहीर आकडा आणि हातात आलेला आकडा यांच्यातली खोट त्याच्याच घरातून भरून निघते. बीए, बीकॉम, बीएस्सी या पदव्यांचेही आज नेमके हेच झाले आहे. त्यांचा बोर्डभाव अजून उंच आहे. प्रवेशाच्या जाहिरातींत, पदवीप्रदान समारंभात, लग्नाच्या बैठकीत आणि नोकरीच्या अर्जातल्या पात्रतेच्या रकान्यात तो तसाच बोलला जातो. मिळणारा भाव मात्र घसरत चालला आहे आणि मधली खोट एकवीस-बावीस वर्षांची मुले-मुली आपल्या आयुष्यातल्या वर्षांनी भरत आहेत. ही घसरण कशामुळे झाली आणि तिचा दोष कोणाच्या माथी मारला जातो, हे नीट पाहायला हवे. चुकीच्या माणसाला दोषी धरले की उपायही चुकीचाच निघतो.

फैजपूर हे गाव या प्रश्नाकडे पाहायला योग्य आहे. सातपुड्याच्या पायथ्याला, बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्त्यावर वसलेल्या या लहानशा शहरात १९६१ साली धनाजी नाना महाविद्यालय उभे राहिले. त्या काळी याचा अर्थ किती मोठा होता, हे समजण्यासाठी मागे जावे लागते. मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले आणि १८६२ साली त्याचे पहिले बीए बाहेर पडले ते मोजून चार: महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक. खानदेशात महाविद्यालयीन शिक्षण रुजायला त्यानंतर ऐंशीहून अधिक वर्षे जावी लागली. जळगावचे मूळजी जेठा महाविद्यालय आणि अमळनेरचे प्रताप महाविद्यालय १९४५च्या आसपास सुरू झाले. पुढे १९९०च्या १५ ऑगस्टला जळगावात उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ स्थापन झाले आणि जळगाव, धुळे, नंदुरबारच्या पदवीचे पुण्याशी बांधलेले दावे सुटले. २०१८ साली या विद्यापीठाला बहिणाबाई चौधरींचे नाव मिळाले, शाळेची पायरीही न चढलेल्या आसोद्याच्या लेकीचे. पदवी मुंबईहून पुण्याला, पुण्याहून जळगावला आणि तिथून तालुक्याच्या गावी येत गेली, ही विसाव्या शतकातल्या महाराष्ट्राची खरी कमाई आहे. या लेखात पुढे जे काही म्हटले आहे, ते ही कमाई गृहीत धरूनच.

आता मिळणारा भाव पाहू. आंतरराष्ट्रीय कामगार संघटना आणि मानव विकास संस्था यांनी २०२४ साली भारतातल्या रोजगाराचा अहवाल प्रसिद्ध केला. त्यानुसार २०२२ साली तरुण पदवीधरांमध्ये बेरोजगारीचे प्रमाण २९.१ टक्के होते, तर लिहिता-वाचता न येणाऱ्या तरुणांमध्ये अवघे ३.४ टक्के. एकूण बेरोजगारांमध्ये माध्यमिक किंवा त्याहून अधिक शिकलेल्या तरुणांचा वाटा २००० साली ५४.२ टक्के होता, तो २०२२ साली ६५.७ टक्क्यांवर गेला. अझीम प्रेमजी विद्यापीठाच्या २०२३च्या अहवालात पंचविशीच्या आतल्या पदवीधरांमधली बेरोजगारी ४२ टक्क्यांच्या वर आढळली. केंद्र सरकारच्या श्रमबल सर्वेक्षणात सर्व वयोगटांतल्या पदवीधरांचा आकडा २०२२-२३मध्ये १३.४ टक्के होता, तेव्हा देशाचा एकूण आकडा ३.२ टक्के होता. वयोगट बदलला की आकडे बदलतात, पण सगळे एकाच दिशेने बोट दाखवतात. ज्यांना काम मिळाले, त्यांतल्याही निम्म्याहून अधिक पदवीधरांचे काम त्यांच्या शिक्षणाच्या खालच्या पातळीचे आहे, असे केंद्राच्या २०२४-२५च्या आर्थिक पाहणीतच नमूद आहे.

या आकड्यांवर पहिला आक्षेप येतो तो रास्त आहे. निरक्षर तरुणांत बेरोजगारी कमी दिसते, म्हणून शिकूच नये असे का? अर्थातच नाही. गरिबाला बेरोजगार राहणे परवडत नाही. केळीचे घड डोक्यावरून वाहून ट्रक भरणारा मजूर सकाळी कामावर गेला नाही, तर संध्याकाळी चूल पेटत नाही. पदवीधर वाट पाहू शकतो, कारण त्याच्यामागे चार एकरांची बाग किंवा वडिलांचे निवृत्तिवेतन असते, किंवा आईने दुसऱ्याच्या शेतात केलेल्या निंदणीची मजुरी असते. दुसरा आक्षेप असा की पस्तिशीनंतर पदवीधरांची बेरोजगारी पाच टक्क्यांच्या खाली येते, तेव्हा हा वयाचा तात्पुरता टप्पा आहे. आकडा खरा आहे. पण तो खाली का येतो हे विचारले की समाधान उरत नाही. तिशीच्या पलीकडे वयोमर्यादा संपते, लग्न झालेले असते, पोर पदरात असते आणि माणूस मिळेल ते पत्करतो: मोबाइलचे दुकान, वित्तसंस्थेची वसुली, खासगी शाळेतली तुटपुंजी मास्तरकी, नाहीतर पुन्हा शेती. सर्वेक्षणाच्या वहीत तो ‘कामावर’ म्हणून नोंदला जातो. वाट पाहण्यात गेलेली सात-आठ वर्षे मात्र कुठल्याच रकान्यात येत नाहीत. मुलींच्या बाबतीत ही वाट आणखी लवकर बंद होते. लग्न ठरले की स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकेतली जागा सुटते, आणि घरात बसलेली पदवीधर स्त्री काम शोधत नाही म्हणून बेरोजगारांतही मोजली जात नाही.

पदवीला बाजार काय देतो हे नेमके सांगणे अवघड असते. सरकार काय देते, हे मात्र शासन निर्णयातच वाचता येते. महाराष्ट्र सरकारने २०२४ साली मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली, तेव्हा बारावी उत्तीर्णाला दरमहा ६ हजार, आयटीआय किंवा पदविकाधारकाला ८ हजार आणि पदवीधराला १० हजार रुपये विद्यावेतन ठरवले. पदव्युत्तर उमेदवारालाही तेच १० हजार. म्हणजे बारावीनंतरच्या तीन वर्षांची, परीक्षांची आणि फीची किंमत महिन्याला ४ हजार रुपये, आयटीआयच्या तुलनेत २ हजार, आणि पदवीवर आणखी दोन वर्षे घालून एमए किंवा एमकॉम केले तर शून्य. मुदत संपल्यावर या प्रशिक्षणार्थींनी कायम करा म्हणून आंदोलने केली. दहा हजारांची तात्पुरती जागाही सोडवत नाही, यातच बाहेर काय मिळते याचे उत्तर आहे.

भाव पडण्याचे सोपे स्पष्टीकरण आवक वाढली असे असते. देशात २०२१-२२ साली उच्च शिक्षणात ४ कोटी ३३ लाख विद्यार्थी होते आणि पदवी पातळीवर त्यांतले तिसऱ्या हिश्श्याहून अधिक कला शाखेत. आवक वाढली, भाव पडला, संपले. पण केळीसारखा हिशेब इथे पूर्ण लागत नाही. केळीचा भाव पडला तर शेतकरी पुढच्या हंगामात लागवड कमी करतो. पदवीचा भाव पडला की मात्र पदवीची मागणी वाढते. २०२४च्या पोलीस भरतीत १७ हजार ४७१ जागांसाठी १७ लाखांहून अधिक अर्ज आले. पात्रता बारावीची होती, तरी रांगेत पदवीधर होते, अभियंते होते. २०२३च्या तलाठी भरतीत साडेचार हजारांच्या आसपास जागांसाठी १० लाखांहून अधिक अर्ज आले. तिथे पदवी अनिवार्य आणि परीक्षा शुल्क ९०० ते १,००० रुपये. रेल्वेच्या २०१९च्या गट ‘ड’ भरतीत एक लाखावर जागांसाठी एक कोटीहून अधिक अर्ज आले. बारावीच्या जागेसाठी पदवीधर उभा राहिला की बारावीवाल्याला कळते, आपणही पदवी घ्यायला हवी. सगळ्यांनी घेतली की रांग होती तशीच राहते, फक्त प्रत्येक जण तीन वर्षांनी मोठा झालेला असतो. पदवी नसेल तर दार बंद, आणि असली तरी ते उघडेलच असे नाही. आज पदवीची खरी स्थिती ही आहे.

ही गोष्ट खानदेशापुरती नाही. मायकेल स्पेन्स या अर्थशास्त्रज्ञाने १९७३ साली मांडले की मालक पदवीकडे ज्ञानाचा पुरावा म्हणून जेवढा पाहतो, त्याहून अधिक ती उमेदवार निवडण्याची खूण म्हणून वापरतो. फ्रेड हर्श यांनी १९७६ साली दाखवले की सभेत सगळेच टाचा उंचावून उभे राहिले तर कोणालाच जास्त दिसत नाही, पाय मात्र सगळ्यांचे दुखतात. अमेरिकेत २०१७ साली हार्वर्डच्या व्यवसाय विद्यालयाच्या सहभागाने झालेल्या अभ्यासात आढळले की कारखान्यातल्या उत्पादन पर्यवेक्षकाच्या जाहिरातींपैकी ६७ टक्के जाहिरातींत पदवी मागितली होती, पण प्रत्यक्ष ते काम करणाऱ्यांपैकी १६ टक्क्यांकडेच ती होती. काम तेच राहिले, चाळणी बारीक झाली. मेरीलँड राज्याने २०२२ साली आपल्या हजारो सरकारी पदांवरून पदवीची अट काढली ती हा दोष ओळखूनच. आपल्याकडे ही चाळणी सर्वांत जास्त वापरते ते सरकारच. पदवीची फुगवट थांबवायची सुरुवातही म्हणून त्याच्याच भरती नियमांपासून व्हायला हवी.

पण चाळणी कितीही सुधारली तरी पलीकडे धान्य साठवायला कोठार हवे. १९६१ नंतरच्या दोन-तीन दशकांत फैजपूर परिसरातल्या पदवीला गिऱ्हाईक होते. जिल्हा बँकेच्या शाखा निघत होत्या, गावोगावी विकास सोसायट्या होत्या आणि त्यांना गटसचिव लागत. माध्यमिक शाळा अनुदानावर येत होत्या. भुसावळला रेल्वे, आयुध निर्माणी आणि दीपनगरचे औष्णिक वीज केंद्र होते. फैजपूरच्या शेजारी मधुकर सहकारी साखर कारखाना उभा राहिला. त्याला शेतकी विभागात, काट्यावर, लेखा शाखेत शिकलेली माणसे लागत. यातले एकेक गिऱ्हाईक आटत गेले. जिल्हा बँका अडचणीत आल्या. शिक्षकभरती २०१२ पासून बरीच वर्षे जवळजवळ थांबली, तेव्हा बीएडची प्रमाणपत्रे घेतलेली एक अख्खी पिढी सरकारच्या शिक्षकभरतीच्या पवित्र पोर्टलकडे डोळे लावून बसली. महाविद्यालयांत तासिका तत्त्व आले, कार्यालयांत कंत्राट आले. साखर कारखाना कर्जापायी सहकाराच्या हातून गेला. दुसरीकडे राज्य सरकारची दोन लाखांहून अधिक मंजूर पदे रिक्त राहिली. पदवी वाढत असतानाच तिला विकत घेणारी एकेक संस्था मिटत होती. म्हणून तरुणांनी गरजेपेक्षा जास्त पदव्या घेतल्या, हा आरोप अर्धाच खरा ठरतो.

उरलेला अर्धा भाग पदवीच्या आत काय आहे याचा आहे, आणि तो मान्य करायला हवा. फैजपूरच्या आजूबाजूला आज ज्ञानाची गरज असलेले काम नाही असे नाही. जळगाव केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. उतिसंवर्धित रोपे आणि ठिबक सिंचन यांनी इथली शेती बदलली. तरी निर्यातीत गेल्या काही वर्षांत सोलापूर जिल्ह्याने मोठी मुसंडी मारली, कारण निर्यात केवळ पिकावर होत नाही. घडाची निगा, पॅकहाउसमधली प्रतवारी, हिरवी केळी १३-१४ अंशांवर राखणारी शीतसाखळी, रोगमुक्ततेची प्रमाणपत्रे, परदेशी गिऱ्हाइकाशी पत्रव्यवहार, अशी एक लांब साखळी मागे उभी लागते. केळी पिकवण्याच्या खोलीत सोडतात तो इथिलिन वायू बीएस्सीच्या वनस्पतिशास्त्रात शिकवतात. थंडीने केळीला बसणारा चरका हा त्याच विषयाचा धडा आहे. कुकुंबर मोझॅक विषाणूने बागा उपटून टाकाव्या लागतात, तेव्हा सूक्ष्मजीवशास्त्राचा विद्यार्थी हाकेच्या अंतरावर असतो. हवामानावर आधारित फळपीक विम्याचा दावा महसूल मंडळातल्या केंद्राने नोंदलेल्या तापमानावर ठरतो. तो आकडा तपासणे, त्यावर हरकत लिहिणे, पाठपुरावा करणे हे संख्याशास्त्र, अर्थशास्त्र आणि चांगले मराठी येणाऱ्या कला-वाणिज्य पदवीधराचे काम आहे. पण या विद्यार्थ्याने पिकवणीची खोली आतून पाहिलेली नसते आणि खोलीच्या मालकाला वाटत नाही की बीएस्सी झालेला मुलगा आपल्या उपयोगाचा आहे. पदवीचा पडलेला भाव या न झालेल्या भेटीतही आहे.

यावर कोणी म्हणेल, मग तालुक्यातली ही बीए-बीकॉमची महाविद्यालये कमी करा आणि मुलांना आयटीआयला पाठवा. हा सल्ला बहुधा अशा घरांतून येतो जिथली मुले पुण्यात अभियांत्रिकी शिकतात. सातपुड्यातल्या पाड्यावरच्या तडवी किंवा पावरा मुलीला, केळी कामगाराच्या घरातल्या पहिल्या बारावी पासला, एसटीच्या पासवर जाता येईल असे महाविद्यालय हाच उच्च शिक्षणाचा एकमेव मार्ग असतो. ते बंद झाले तर ती आयटीआयला जाणार नाही, तिचे लग्न होईल. पदवी फक्त चारांना मिळत होती तेव्हा तिचा भाव मोठा होता. तो भाव परत आणायचा म्हणून दार अरुंद करणे म्हणजे नुकतेच आत आलेल्यांना बाहेर काढणे. शिवाय कौशल्याचा कागदही मागणीशिवाय विकला जात नाही. जिथे कारखाना नाही तिथे जोडारी शिकलेला मुलगाही चाकण किंवा वाळूजच्या फाटकावर कंत्राटदाराच्याच दराने उभा राहतो.

दुसरे कोणी म्हणेल, शिक्षण नोकरीसाठी नसतेच, विचार करायला शिकवणे हे त्याचे काम. हे मत मोलाचे आहे आणि महाविद्यालयातल्या वाङ्मयाच्या, इतिहासाच्या तासाला कोणी बाजारभावाने मोजू नये. पण ही भूमिका प्रामाणिकपणे घ्यायची तर प्रवेशाच्या वेळीच घ्यायला हवी. जाहिरातीत नोकरीचे आश्वासन आणि निकालानंतर ज्ञानासाठी ज्ञान, हा व्यवहार खरा नाही. आणि जी पदवी गाइडवर, शेवटच्या आठवड्यातल्या पाठांतरावर आणि रिकाम्या वर्गांवर मिळते, ती विचारही शिकवत नाही. उपयोग आणि विचार एकमेकांचे वैरी आहेत हा समजच मुळात आपल्या शिक्षणाला महागात पडला आहे.

हा समज मोडण्याचा एक मोठा प्रयत्न ज्या वाटेने झाला, ती फैजपूरवरून जाते. डिसेंबर १९३६मध्ये काँग्रेसचे पन्नासावे अधिवेशन जवाहरलाल नेहरूंच्या अध्यक्षतेखाली इथे भरले, खेड्यात भरलेले पहिले. गांधीजींच्या आग्रहावरून नंदलाल बोस आले आणि त्यांनी बांबू-चटयांसारख्या स्थानिक साहित्यातून, स्थानिक हातांकडून अधिवेशनाचे टिळकनगर उभे केले. शांतिनिकेतनची कला आणि खानदेशी कारागिराचे हात एका कामावर भेटले. पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर १९३७मध्ये, वर्ध्याच्या परिषदेत हाताच्या कामातून शिक्षण देणाऱ्या नई तालीमची मांडणी झाली. तिला पुढे बळ मिळाले नाही. कोठारी आयोगाने १९६६ साली कार्यानुभव सुचवला. शाळेत त्याचे काय झाले हे महाराष्ट्रात शिकलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे: विकत आणलेली वस्तू आणि वहीवर पडलेले गुण. आता नव्या शैक्षणिक धोरणाने २०२४-२५ पासून संलग्न महाविद्यालयांतही क्षेत्रप्रकल्प, आंतरवासिता आणि कामावरचे प्रशिक्षण श्रेयांकांत आणले आहे. कल्पना योग्य आहे. पण ओळखीच्या दुकानाचा शिक्का मारून आणलेल्या प्रमाणपत्रावर श्रेयांक मिळू लागले, तर तिसऱ्यांदा तीच फसगत होईल, आणि या वेळी चार वर्षांची पदवी निवडणाऱ्या विद्यार्थ्याचे चौथे वर्षही त्याच्याच खर्चाने गेलेले असेल.

म्हणून करायच्या गोष्टी मोजक्या आहेत. रिक्त पदे वेळापत्रकाने भरावीत, म्हणजे तरुणांना किती वर्षे थांबायचे हे तरी कळेल. ज्या पदाच्या कामाला पदवी लागत नाही तिथली अट काढावी आणि कामाची परीक्षा घ्यावी. शिक्षक आणि प्राध्यापक कायम नेमावेत, कारण तासावर राबणारा माणूस विद्यार्थ्याला बागेपर्यंत घेऊन जाऊ शकत नाही. फैजपूर, रावेर, सावद्याच्या महाविद्यालयांनी पॅकहाउस, शेतकरी उत्पादक कंपन्या आणि सोसायट्यांशी करार करून विद्यार्थ्यांना सवेतन उमेदवारी द्यावी आणि तिचा खर्च सरकारने उचलावा. यातून सगळ्यांना नोकऱ्या मिळतील असा दावा कोणी करू नये. मागणी निर्माण करणे हे महाविद्यालयाच्या हातात नाही. ते उद्योग आणि शेती धोरणाचे काम आहे.

एक गोष्ट मात्र उद्यापासून करता येईल. केळी उत्पादकाची साधी मागणी असते की ज्या भावाने माल घेतला, त्या भावाची पक्की पावती द्या. बोर्डावर काय लिहिले आहे ते त्याला वाचता येतेच. पदवीचीही अशी पावती मागायला हवी. प्रत्येक महाविद्यालयाने आणि विद्यापीठाने दरवर्षी, शाखेनिहाय, तीन वर्षांपूर्वी पदवी घेतलेली मुले-मुली आज काय काम करतात, त्यांना काय वेतन मिळते आणि किती जण अजून परीक्षा देत आहेत, हे प्रवेश सुरू होण्याआधी फाटकावर लावावे. असा फलक पाहूनही मुली बीएला येतील, यायलाही हव्यात. पण त्या खरा भाव माहीत असताना येतील. आणि तो आकडा दरवर्षी सगळ्यांच्या डोळ्यांसमोर राहिला, तर त्याचे उत्तर विद्यार्थ्यांऐवजी महाविद्यालयाला, विद्यापीठाला आणि मंत्रालयाला द्यावे लागेल.